बिघाडाची वही

आमच्या घरात तीन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि एक प्रयोगशाळा आहे. इमारतीच्या नकाशात या शेवटच्या जागेला ‘ड्राय बाल्कनी’ असे म्हटले आहे. इतरांच्या घरी तेथे कपडे धुण्याचे यंत्र, बादल्या आणि केरसुणी असते. आमच्याकडे ही मंडळी न्हाणीघरात दाटीवाटीने राहतात आणि त्या जागेत एक रासायनिक तराजू, दोन गॅल्व्हॅनोमीटर, एक स्पेक्ट्रोमीटर, एक पोस्ट ऑफिस बॉक्स आणि माझे सासरे राहतात. सासऱ्यांचा उल्लेख मी शेवटी केला तो त्यांच्याच शिरस्त्याने. घरी कोणी नवीन माणूस आला की ते याच क्रमाने ओळख करून देतात.

ते चौतीस वर्षे एका महाविद्यालयात प्रयोगशाळा-सहायक होते. मी स्वतः महाविद्यालयात शिकवते, तेव्हा या हुद्द्याची थोरवी मला ठाऊक आहे. प्राध्यापक येतात आणि जातात, अभ्यासक्रम दर चार-पाच वर्षांनी कूस बदलतो. कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा मात्र एकाच माणसाच्या कमरेला असतो. कोणत्या मीटर ब्रिजची तार कोठे झिजली आहे, कोणत्या सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू उलट्या बाजूने फिरवावा लागतो, हे विभागप्रमुखांना सांगता येत नसे. ‘काकां’ना येत असे. परीक्षेच्या आदल्या दिवशी मुले त्यांच्याभोवती घोटाळत, ती उगाच नव्हे.

ते निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी त्या विभागात इलेक्ट्रॉनिक तराजू आले. वस्तू ठेवली की आकडा दिसतो. जुने दोन पारड्यांचे तराजू आणि त्यांच्याबरोबर पितळेचे, लाकडाचे आणि काचेचे पुष्कळसे गबाळ निकालात निघाले. बाबांना बातमी लागली. ते गेले, आणि भंगारवाल्याने माल उचलण्यापूर्वीच त्याच्याशी सौदा करून रिक्षातून चार खेपांत एक प्रयोगशाळा घरी घेऊन आले. सौदा अर्थातच किलोवर झाला. ज्या तराजूला मिलिग्रॅमचा दहावा हिस्सा कळतो, तो भंगारवाल्याच्या लोखंडी काट्यावर चढवून साडेनऊ किलो ठरला. त्याची काचेची पेटी फुकट मिळाली.

सासूबाई तेव्हा होत्या. दारातच कमरेवर हात ठेवून त्या म्हणाल्या, “अहो, तिथली नोकरी संपली ना तुमची?”

“माझी संपली,” बाबा म्हणाले, “यांची कुठे संपलीय?”

पुढे बुधवारच्या आणि रविवारच्या जुन्या बाजाराने या संसारात भर घातली. जुन्या बाजारात जाणाऱ्या माणसाचे दोन प्रकार असतात. एक, ज्याला वस्तू हवी असते. दुसरा, ज्याला वस्तूची दया येते. बाबा दुसऱ्या प्रकारातले. चालू स्थितीतले काही त्यांनी आणल्याचे मला आठवत नाही. चालणाऱ्या यंत्राला आपली काय गरज, असा त्यांचा सरळ हिशेब.

त्यांच्या या प्रयोगशाळेतली सर्वांत मोलाची चीज म्हणजे एक वही. खरे म्हणजे वह्या. आता त्या सात झाल्या आहेत. लांबट आकाराच्या, पुठ्ठ्याच्या बांधणीच्या. पहिल्या पानावर टपोऱ्या अक्षरात ‘बिघाडाची वही’. आत रकाने आखलेले: तारीख, उपकरण, लक्षण, काय तपासले, काय आढळले, आणि शेवटी कारण. या ‘लक्षण’ शब्दावर मी पहिल्यांदा थबकले होते. आपण सहसा ‘तक्रार’ म्हणतो. पण तक्रार माणसाची असते. यंत्र बिचारे लक्षण दाखवते. मराठी शिकवणाऱ्या बाईला असे काही सापडले की दिवस चांगला जातो.

शेवटच्या रकान्याचा नियम कडक होता. दुरुस्ती झाली आणि यंत्र चालू लागले, एवढ्यावर कारण लिहायचे नाही. सापडलेला दोष पुन्हा मुद्दाम उत्पन्न करायचा, यंत्र पुन्हा तसेच बिघडते का ते पाहायचे, मग दोष काढायचा, मग लिहायचे. त्यामुळे कित्येक पानांवर यंत्र सुधारले आहे आणि कारणाचा रकाना कोरा आहे. मी एकदा विचारले, “बाबा, चाललं ना ते? मग लिहा की काहीतरी.” ते म्हणाले, “आपोआप बरा झालेला रोगी कुठल्या औषधानं बरा झाला, हे वैद्यानं सांगू नये.”

त्यांची तपासणीची रीतही ठरलेली. आधी नाक, मग डोळे, मग हात, आणि सर्वांत शेवटी मीटर. जळलेल्या रोधकाचा वास, पाझरलेल्या सेलचा पांढरा क्षार, सैल झालेला जोड, यांना मीटरची गरज नसते. दुसरे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि यंत्र चालले तर कोणत्या गोष्टीने चालले हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. तिसरे, यंत्राचे मनातल्या मनात दोन भाग करायचे आणि दोष अलीकडच्या अर्ध्यात आहे की पलीकडच्या, एवढेच आधी ठरवायचे; मग उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा दोन. पोस्ट ऑफिस बॉक्स या नावाने जी पेटी आपल्या महाविद्यालयांत मुलांच्या बोकांडी बसली, ती मुळात ब्रिटिश टपाल खात्याच्या तारयंत्राच्या लोकांसाठी होती. कोसच्या कोस लांब तारेत नेमके कोठे बिनसले, हे ती एका जागी बसून शोधायला मदत करी. त्या पेटीची पितळी खुंटी नुसती खोचायची नाही, किंचित पीळ देऊन बसवायची, नाहीतर तिच्यावरचा गंज हाच एक नवा रोध होतो. हे बाबांनी हजारो मुलांना सांगितले असेल. माझ्या मुलीला तर त्यांनी बाटलीचे बूचसुद्धा पीळ देऊन बसवायला शिकवले आहे.

या पद्धतीची मला प्रथम गंमत वाटे आणि मग ओळख पटू लागली. जुन्या पोथीचे पाठ लावताना आम्ही दुसरे काय करतो? लेखनिकाने शब्द गाळला, की मुळातच तो नव्हता, की मधल्या कोणा विद्वानाने तो सुधारला, हे एकेक प्रत बाजूला सारून ठरवायचे असते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा त्यांच्यासमोरही दोष शोधण्याचेच काम होते. बाबांना मी हे सांगितले. त्यांनी चष्म्यावरून पाहिले आणि विचारले, “त्यांनी कारणाचा रकाना ठेवला होता का?”

सगळेच बिघाड काही गहन नसतात. टँजंट गॅल्व्हॅनोमीटरचे उदाहरण घराण्यात अजून सांगितले जाते. या उपकरणातली चुंबकसूची पृथ्वीच्या चुंबकत्वावर अवलंबून असते; जवळ लोखंड आले की ती भरकटते. आमच्याकडचे उपकरण आठवड्यातून तीन-चार दिवस शहाण्यासारखे वागे आणि उरलेल्या दिवशी सूची काही अंश बाजूला सरके. बाबांनी टेबल बदलले, खिळे काढले, स्टूल लाकडी आणले. पंधरा दिवस तारखा लिहिल्या. अखेर सासूबाईंनी वही हातात घेतली, वार मोजले, आणि म्हणाल्या, “ज्या दिवशी भाकरी असते त्या दिवशी तुमचं यंत्र शहाणं.” भाकरीच्या दिवशी लोखंडी तवा दुपारपर्यंत शेगडीवर असे, इतर दिवशी तो भिंतीच्या पलीकडच्या अंगाला, नेमका सूचीच्या पाठीमागे, खिळ्यावर टांगलेला. बाबांनी नियमाप्रमाणे तवा टांगून पाहिला, काढून पाहिला, पुन्हा टांगला. कारणाच्या रकान्यात ‘तवा’ असे लिहून खाली सासूबाईंचे नाव घातले आहे. सातही वह्यांत दुसऱ्याच्या नावाने नोंदलेले तेवढे एकच कारण आहे.

स्पेक्ट्रोमीटरची कथा लांबली असती, पण थोडक्यात सांगते. आपल्याकडच्या पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक नक्षी पसरते. ती वेळेवर पुसली तर जाते. उशीर झाला तर काचेवरच तिचे ओरखडे राहतात. दुर्बिणीतले आडवे-उभे तंतू तुटले होते. पूर्वी अशा उपकरणांत खरोखरीचा कोळ्याचा तंतू वापरीत, म्हणून बाबा दोन दिवस माळ्यावर बॅटरी घेऊन हिंडत होते. मग एके सायंकाळी त्यांनी मला गॅसच्या ज्योतीत मिठाच्या पाण्यात भिजवलेली वात धरायला लावली, फट अगदी बारीक केली, आणि दुर्बिणीत मला एका पिवळ्या रेषेच्या जागी दोन रेषा दिसल्या. ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर. सोडियमच्या या जोडरेषांचा मला व्यवहारात काही उपयोग नाही. तरी वरण उतू जाऊन ज्योत पिवळी झाली की मला अजून त्यांची आठवण येते.

जुनी उपकरणे माणसांपेक्षा अधिक फिरतात आणि अधिक जगतात. पुण्यात १८८८ साली कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी सायन्स कॉलेजात वेधशाळा उभी केली. भावनगरच्या महाराजांनी तिला साहाय्य केले होते, म्हणून तिला त्यांचे, महाराजा तख्तसिंगजींचे, नाव होते. वीस इंची आरशाची दुर्बीण होती तेथे. १८९८ च्या जानेवारीतले खग्रास सूर्यग्रहण टिपायला नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले होते. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. कोडाईकनालला सहलीला जाणाऱ्या पुणेकरांपैकी कितीजणांना ठाऊक असते की आपली एक गाववाली तेथे गेली होती? आम्ही गेलो होतो तेव्हा बाबांनी सरोवर पाहण्याआधी तिची चौकशी केली.

ऑसिलोस्कोपचे मात्र घरात सर्वांना भय होते. वर्षानुवर्षे बंद असलेले विजेचे उपकरण एकदम चालू करायचे नसते. त्यातल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांच्या आतला ऑक्साइडचा पातळ थर पडून राहून दुबळा होतो. पूर्ण दाब एकदम आला तर ते फुटतातही. म्हणून डिमरस्टॅट लावून दाब तासातासाने थोडा थोडा वाढवायचा, आणि वाटेत शंभर वॅटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये जोडायचा. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर आत कोठेतरी शॉर्ट आहे. हल्लीचे एलईडी दिवे या कामाला निरुपयोगी. म्हणून बाबांनी जुन्या बल्बांचा साठा करून ठेवला होता, आणि सोसायटीत बारसे, मुंज असले की रोषणाईवाले आधी आमच्याकडे चौकशीला येत. यंत्र बंद केल्यावरही आत कितीतरी वेळ प्राणघातक दाब साठून राहतो. त्यासाठी जुन्या कारागिरांचा नियम असा की काम करताना एक हात खिशात ठेवावा, म्हणजे झटका एका हातातून दुसऱ्या हाताकडे छातीमधून जात नाही. बाबांच्या पायजम्याला खिसा नव्हता. ते डावा हात पाठीमागे ठेवीत आणि एखाद्या किल्लेदारासारखे दिसत.

आता तराजूकडे येते.

सासूबाई गेल्यानंतर बाबांनी एक नवे काम काढले. देव्हाऱ्यात लक्ष्मीपूजनाचा राणीछाप रुपया आहे. त्या काळचा रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, १८० ग्रेन, आपल्या हिशेबाने ११.६६ ग्रॅम. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा. म्हणजे तोळ्याला शहाण्णव गुंजा. गुंज ही काही कल्पना नव्हे, कुंपणावरच्या वेलीचे ते लाल, काळ्या डोळ्याचे बी. सोनाराच्या हाती शतकानुशतके ते वजन म्हणून फिरले. १९५८ च्या ऑक्टोबरात दशमान वजने येऊ लागली आणि गुंज हळूहळू म्हणींत जाऊन बसली. बाबांना पाहायचे होते की खऱ्या शहाण्णव गुंजा खऱ्या तोळ्याच्या किती जवळ जातात. सासूबाईंनी जपलेली गुंजांची एक डबी त्यांच्या लुगड्यांच्या खाली सापडली होती. त्या डबीतल्या शहाण्णव गुंजा त्यांनी निवडल्या, एकेकीला क्रमांक दिला, आणि तोलायला बसले. (गुंज विषारी असते. ती फोडून पोटात गेली तर जीवावर बेतते. डबीला आमच्याकडे कुलूप आहे.)

रासायनिक तराजूवर तोलणे हा सोवळ्यातला स्वयंपाक आहे. पंखा बंद, खिडकी बंद. खांबामागचा ओळंबा नेमका टोकावर हवा. वजनांना बोट लावायचे नाही, चिमटाच. दांडीच्या मध्यभागी आणि दोन टोकांना अकिकाच्या धारा असतात. साऱ्या तराजूचा जीव त्या तीन धारांत. एरवी दांडी त्यांच्यावरून उचललेली असते. खालची मूठ अगदी सावकाश फिरवली की ती अलगद धारेवर उतरते आणि काटा झुलू लागतो. काटा थांबण्याची वाट पाहायची नाही. डावीकडची तीन टोके आणि उजवीकडची दोन वाचायची आणि त्यांच्या सरासरीवरून विसाव्याची जागा काढायची. दांडीचे दोन बाहू सूतभर कमीजास्त असल्याचा संशय आला तर वस्तू एकदा डाव्या पारड्यात आणि एकदा उजव्या पारड्यात तोलून दोन्ही वजनांच्या गुणाकाराचे वर्गमूळ घ्यायचे. ही युक्ती गाऊसच्या नावाने ओळखतात. एका गुंजेला पंधरा मिनिटे लागत.

साठाच्या घरात पोचल्यावर आकडे बिनसले. अठ्ठावन्नावी गुंज तीनदा तोलली आणि तीन वजने आली. एक-दोन दशांश मिलिग्रॅमचा फरक चालतो. हा मिलिग्रॅमपेक्षा अधिक होता.

बाबा खूश झाले. हे मी मुद्दाम लिहिते. किती महिन्यांनी त्यांना एक चांगला बिघाड मिळाला होता.

पहिल्या दिवशी ओळंबा. दुसऱ्या दिवशी काचपेटीतली सिलिका जेल काढून, स्वयंपाकातून निवृत्त झालेल्या एका कढईत भाजून निळी केली. मग धारा मऊ कुंचल्याने साफ केल्या. काच कोरड्या फडक्याने पुसली की तिच्यावर विद्युत्भार येतो आणि पारडे ओढले जाते, म्हणून पेटीत फुंकर घालून पाहिली. उन्हाची तिरीप एका बाहूवर पडून तो तेवढा तापत असेल म्हणून पडदा लावला. रस्त्यावरच्या बसने जमीन थरथरत असेल म्हणून पहाटे चारला उठून, पहिली बस सुटण्यापूर्वी, तोलून पाहिले. पाचव्या दिवशी त्यांना खरोखरच एक कोळ्याचा तंतू सापडला, डाव्या पारड्याच्या कडीपासून खांबापर्यंत गेलेला. बारीक, पण अशा तराजूला पुरेसा. त्यांनी मला आणि नातीला बोलावून भिंगातून तो दाखवला. तंतू काढला. आकडे होते तसेच विखुरलेले.

मला वाटले होते, तंतू सापडला म्हणजे संपले. माझ्यासारख्या माणसाने तेथेच वही मिटली असती. बाबांनी ‘काय आढळले’ या रकान्यात तंतू लिहिला आणि कारणाचा रकाना कोरा ठेवला.

मग त्यांनी दोन भाग पाडले. पारडी रिकामी ठेवून, एकदा मोकळी केलेली दांडी बराच वेळ झुलू दिली. विसाव्याची जागा ढळली नाही. म्हणजे धारा ठीक. मग पारड्यांत समान वजने ठेवून, कशालाही हात न लावता, नुसती दांडी दहादा उतरवली आणि उचलली. दहा वेळा दहा जागा. म्हणजे दोष दांडी उतरवण्याच्या क्रियेत. मुठीचा दांडा सैल असेल. तो उघडला, साफ केला, थेंबभर तेल दिले, स्क्रू आवळले. फरक नाही.

त्या रविवारी दुपारी मी उत्तरपत्रिका तपासत बसले होते. बाबा दाराशी आले.

“सूनबाई, हातात काम आहे का? जरा ये.”

मला त्यांनी स्टुलावर बसवले. म्हणाले, “मूठ तू फिरव. मी वाचतो.” मी दहा वेळा फिरवली. ते मागे उभे राहून आकडे सांगत होते आणि माझी मुलगी लिहीत होती. मग ते बसले आणि मी वाचले. मग पुन्हा मी. मग पुन्हा ते. एकूण चाळीस. मध्ये कोणी बोलले नाही. पंखा बंद होता, आणि ऑक्टोबरचा उकाडा होता.

मुलीने चार रकाने आखले होते. माझ्या दोन्ही रकान्यांतले आकडे एकमेकांना चिकटून होते. मी काही तराजूवरची कसलेली माणूस नव्हे. जन्मात पहिल्यांदा मी ती मूठ धरली होती. त्यांच्या दोन्ही रकान्यांतले आकडे विखुरलेले.

त्यांनी कागद हातात घेतला. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिला. मग आपला उजवा हात त्यांनी टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे पाहत राहिले. जुन्या बाजारातली वस्तू हातात घेऊन पाहत, अगदी तसे. अंगठा तर्जनीवर गोळी वळल्यासारखा हळूहळू हलत होता.

“चांगला आहे तराजू,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती चाळीस वाचने पुन्हा घेतली, नियमाप्रमाणे. मग वहीत लिहिले. कारणाच्या रकान्यात दोन शब्द आहेत: ‘चालकाचा हात’.

डॉक्टरांनी त्यांना कागदावर गोगलगाईच्या शंखासारखा गोल गोल वळसा काढायला सांगितला, चालवून पाहिले, मनगट धरून हलवले. मग विचारले की पूर्वीचे हस्ताक्षर कोठे मिळेल का. मी सातही वह्या नेल्या आणि त्यांच्या टेबलावर ओळीने उघडून ठेवल्या. पहिल्या वहीतला ‘गॅल्व्हॅनोमीटर’ अर्धी ओळ अडवतो. सातव्या वहीत तो शब्द दोन बोटांत मावतो; अक्षरे एकमेकांना टेकलेली, आणि ओळीच्या शेवटाकडे आणखी लहान होत गेलेली. हस्तलिखिते वाचणे हा माझा धंदा आहे. कोणत्या वहीपासून अक्षर बदलू लागले, हे मी डॉक्टरांना पानावर बोट ठेवून दाखवू शकले. ती तिसरी वही, सासूबाईंच्या आजारपणातली. मी ते बोलले नाही.

कंपवात. इंग्रजीत याला ज्या जेम्स पार्किन्सनचे नाव आहे, त्याने त्याचे वर्णन १८१७ साली लिहिले. यावर आज जे मुख्य औषध देतात, ते लेव्होडोपा, आपल्याकडच्या खाजकुइलीच्या बियांत असते, हे ऐकून बाबांना विलक्षण आनंद झाला. गोळ्यांचे पहिले पाकीट घरी आले तेव्हा त्यांनी एक गोळी तोलून घेतली. मूठ अर्थात मी फिरवली.

खरी पंचाईत पुढे झाली. माझा नवरा शांत माणूस. पण त्या आठवड्यात त्याचा आवाज चढला. “बाबा, ती विजेची यंत्रं आता नकोत. बास झालं.” त्याचे चुकीचे नव्हते. शेकडो व्होल्टच्या पेटीत थरथरता हात घालणे म्हणजे काय, हे बाबांनीच आम्हाला शिकवले होते. पण त्याला सारीच बाल्कनी रिकामी करायची होती. यंत्रे कोठल्यातरी शाळेला देऊन टाकायची होती. मला ते पटत नव्हते, आणि त्याला पटवून देण्याजोगे शब्द माझ्याजवळ नव्हते. चार दिवस घरात जेवणाची भांडीच तेवढी वाजत होती.

पाचव्या दिवशी बाबांनी स्वतःच यंत्रांची विभागणी करून ठेवली. एका बाजूला ऑसिलोस्कोप, डिमरस्टॅट, सिरीजचा बोर्ड आणि बल्बांची पेटी. दुसऱ्या बाजूला तराजू, स्पेक्ट्रोमीटर आणि उरलेली मंडळी. मुलाला म्हणाले, “ज्याला एक हात पाठीमागे ठेवावा लागतो, ते सगळं दे. ज्याला दोघांचे हात चालतात, ते राहू दे.” नवऱ्याने काही उत्तर दिले नाही. त्याने ऑसिलोस्कोप उचलून गाडीत ठेवला, आणि परत येऊन तराजूखालची टेबलाची डुगडुगणारी फळी पक्की करून दिली. एका तंत्रनिकेतनातला तरुण शिक्षक ती यंत्रे घेऊन गेला. त्याच्याबरोबर बाबांनी वहीतल्या ऑसिलोस्कोपच्या पानांच्या छायाप्रती दिल्या, आणि दोनदा बजावले की हात पाठीमागे.

गोळ्यांचा उपयोग झाला. किती झाला हे आम्हाला नेमके ठाऊक आहे, कारण बाबांनी आठव्या वहीसाठी नवे रकाने आखून घेतले: गोळीपूर्वी आणि गोळीनंतर, प्रत्येकी दहा वाचने. मूठ त्यांची, वाचणारी मी. गोळीनंतर विखुरणे बरेच कमी होते, माझ्याइतके नाही. डॉक्टर आता आमचे रिपोर्ट बाजूला ठेवून आधी ती वही मागतात. एकदा त्यांनी विचारले की याची एक प्रत मिळेल का. बाबांनी विचारले, “कशाला हवी?” आणि उत्तर नीट पटल्यावरच दिली.

गुंजांचे काम थांबलेले नाही. मला वाटले होते, उरलेल्या गुंजा मी तोलाव्या म्हणजे झाले. बाबांनी साफ नकार दिला. अर्ध्या एका हाताने आणि अर्ध्या दुसऱ्या हाताने तोललेल्या गुंजांची बेरीज कसली करायची? हे मात्र मला लगेच समजले. दोन लेखनिकांची पोथी मीही एका हाताची म्हणून छापली नसती. तेव्हा आम्ही पहिल्या गुंजेपासून पुन्हा सुरुवात केली. दर रविवारी सकाळी चहा झाल्यावर पंखा बंद करून आम्ही बसतो. चिमट्याने गुंज मी ठेवते, मूठ मी फिरवते. ते मागे खुर्चीत बसून भिंगातून काटा वाचतात. डोळे त्यांचे उत्तम आहेत. “सावकाश,” असे ते दर वेळी म्हणतात. मी सावकाश फिरवली असली तरीही म्हणतात. एका रविवारी चार-पाच गुंजा होतात. काही शंभर मिलिग्रॅमच्या खाली भरतात, काही सव्वाशेच्या आसपास. सतरावी एकदा चिमट्यातून निसटून जमिनीवर घरंगळली, तेव्हा तिघांनी ओणवे होऊन ती शोधली.

राणीछाप रुपयाही तोलून झाला. तो झिजलेला आहे. तोळ्याला थोडा कमी भरतो. सासूबाईंच्या आणि त्यांच्या सासूबाईंच्या बोटांनी तो किती वर्षे पुसला, त्यावरून वर्षाला किती झिजला याचा हिशेब बाबांनी मांडून पाहिला, आणि कारणाच्या रकान्यात काही न लिहिता तो देव्हाऱ्यात परत ठेवला. लक्ष्मीपूजनाला तो लागणार आहे.

त्रेचाळीस झाल्या आहेत. दिवाळीचे चार दिवस आम्ही तोलणे बंद ठेवणार आहोत. खालच्या अंगणात फटाके वाजले की काटा हलतो, आणि धुराचे कण धारेवर बसतात ते वेगळेच. पेटीवर जुने लुगडे पांघरून ठेवायचे ठरले आहे. भाऊबीज झाली की येणाऱ्या रविवारी चव्वेचाळिसावी.